लग्न तीन आठवड्यांवर आलंय, रुखवतासाठी अनारसे पहिल्यांदाच घरी करायचेत. तांदूळ कधी भिजवू, आणि रुखवतात अजून काय ठेवू?

आज भिजवा. तीन आठवडे म्हणजे भरपूर वेळ वाटतोय ना, तो नाहीये. तीन रात्री तांदूळ भिजणार, चौथ्या दिवशी पीठ होणार, मग ते पीठ डब्यात किमान पाच दिवस मुरणार, आठ-दहा मिळाले तर उत्तम. आणि तळण लग्नाच्या चार-पाच दिवस आधी उरकायला हवं. एकदा ग्रहमख झालं, पाहुणे उतरले की घरातला गॅस तुमचा राहत नाही. कोणीतरी चहाचं आधण ठेवून उभंच असतं. अनारशांना मात्र एकच शेगडी, एकसारख्या आचेवर, चांगला दीड तास लागते.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "बिघडले तर सासरचे हसतील का?" सासरचे हसले तर हसू देत, रुखवताचं ताट दोन दिवसांत विसरलं जातं. अनारसा हसता कामा नये. तुपात सोडल्यावर कडेने सुटत सुटत जो सगळ्या कढईभर पसरतो, त्याला 'हसला' म्हणतात हे तुमच्या आईला विचारा, ती सांगेल. तिला किती वेळा हसलाय तेही सांगेल.

एका ताटात २१ मांडायचे तर अर्धा किलो तांदूळ पुरतो. पंचवीस ग्रॅमची गोळी धरली तर चाळीसेक अनारसे होतात. दोन-तीन चाचणीत जातात, चार-पाच मोडतात, बाकीचे घरच्यांना. तांदूळ जुना हवा, साधा जुना कोलम चालतो. नवा तांदूळ चिकट होतो. बासमती वापरू नका, त्याचा वास गुळाखाली कोणाला येणार आहे?

तांदूळ धुऊन, वर चार बोटं पाणी ठेवून भिजवायचा आणि पाणी रोज बदलायचं. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा. थोडा आंबूस वास येणार, तो यायलाच हवा. कुजका वास आला तर मात्र सरळ फेकून द्या आणि पुन्हा भिजवा, म्हणून तर आज म्हणतेय. चौथ्या दिवशी निथळून सुती पंचावर, सावलीत, पंख्याखाली पसरायचा. अर्धा-पाऊण तास. मूठ भरून उघडली की दाणे तळव्याला न चिकटता सुटले पाहिजेत, पण हात गार आणि ओलसर लागला पाहिजे. ह्या एका क्षणावर सगळं अवलंबून आहे, कारण अनारशाच्या पिठात पाण्याचा थेंबही घालत नाहीत. गूळ विरघळायचा तो तांदळातल्या ह्याच ओलीवर. तांदूळ कडकडीत वाळवलात तर गूळ मुरत नाही, पीठ भुसभुशीत राहतं आणि थापताना कडा फाटतात. ओला राहिला तर अनारसा हसतो. मिक्सरमध्ये थोडं थोडं दळा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा, रव्याच्या नव्हे. चाळणीत राहिलेली कणी पुन्हा फिरवा. चाळलेल्या पिठातली एक वाटी बाजूला काढून वेगळी वाळवून ठेवा, पुढे लागेल.

आता गूळ. पिठाचं वजन करा, त्याच्या पाऊणपट किसलेला गूळ घ्या. सहाशे ग्रॅम पिठाला साडेचारशे ग्रॅम. मऊ, पिवळा, साधा कोल्हापुरी गूळ. चिक्कीचा गूळ चुकूनही नाही, त्याने अनारसा दाताला चिकटतो आणि गार झाला की कडक होतो. आमच्या जाऊबाई इथे पिठीसाखर घालतात. का, तर रुखवतात पांढरे दिसतात, फोटो चांगला येतो. रुखवत ही काय फोटोची गोष्ट आहे? ते ताट व्याह्यांकडे जातं, तिथे फुटतं, खाल्लं जातं. गुळाच्या अनारशाला जो खमंगपणा येतो तो साखरेला सात जन्मांत येणार नाही. हा वाद आमच्याकडे प्रत्येक लग्नात होतो, म्हणून इथेच लिहून ठेवतेय.

पीठ-गूळ हाताने चोळून एकजीव करा, चमचाभर साजूक तूप लावा, घट्ट गोळे वळून घट्ट झाकणाच्या डब्यात दाबून ठेवा. पहिल्या दिवशी ते रवाळ, कोरडं वाटेल. घाबरून दूध-बिध घालू नका. तिसऱ्या दिवशी उघडाल तेव्हा गूळ सुटून तेच पीठ मऊ झालेलं असेल. दोन-तीन दिवसांनी एकदा कोरड्या हाताने मळून परत दाबा. हात ओला लागला की बुरशी आलीच.

तळायच्या दिवशी कढई लहान आणि पसरट घ्या, तूप दोन बोटं खोल, म्हणजे अर्धा किलोत भागतं. खसखस ताटलीत पसरा, तिच्यावर लिंबाएवढी गोळी ठेवून बोटांनी थापा, कडा मधल्यापेक्षा किंचित पातळ. आता खसखशीची बाजू वर ठेवून अलगद तुपात सोडा. अनारसा उलटायचा नाही, अजिबात नाही. उलटलात की खसखस तुपात गळते, करपते, आणि पुढचे सगळे अनारसे काळे ठिपके घेऊन येतात. झाऱ्याने वर तूप उडवत राहायचं. पृष्ठभागावर आधी बारीक बुडबुडे येतात, मग ते जागच्या जागी फुटून भोकं राहतात. हीच जाळी. विहीणबाई ताट बघतील तेव्हा हीच बघतील. बुडबुडे कमी झाले, कड बदामी झाली की काढायचा. काढताना तो मऊ असतो, झाऱ्यावर वाकतो, म्हणून कच्चा समजून परत सोडू नका. गार झाल्यावर कुरकुरीत होतो. चाळणीत उभे करून ठेवा. आडवे ठेवले तर तूप तळाशी साचून ती बाजू ओशट राहते.

पहिला एकच तळायचा, बाकीचे थापायचेसुद्धा नाहीत. तो हसला तर गूळ जास्त झालाय किंवा तूप पुरेसं तापलेलं नाही. आधी तूप बघा, चिमूटभर पीठ टाकलं की सावकाश वर यायला हवं. तूप ठीक असेल तर बाजूला ठेवलेलं कोरडं पीठ दोन-दोन चमचे मळून पुन्हा एक तळा. उलट तो दगडासारखा झाला, जाळीच पडली नाही, तर सुपारीएवढं पिकलेलं केळं कुस्करून मळा. पण तेवढ्याच गोळ्यात, जो त्याच दिवशी संपणार आहे. केळं घातलेलं पीठ टिकत नाही. वर लगेच तांबूस आणि आत कच्चा राहिला तर आच मोठी आहे, पिठाला दोष देऊ नका.

हसलेले फेकू नका. तो चुरा गाळून घ्या, रात्री केळवणाहून जड पोटाने परत आलात तरी वाटीभर गरम दुधात चार चमचे जातातच. लग्नाच्या आधीच्या त्या दिवसांत सगळे आपल्याला काहीतरी खायला घालत असतात, पण ओट्याशी उभं राहून खाल्लेल्या त्या वाटीची सर कशालाच नाही.

बांधताना घाई नको. दोन-तीन तास पूर्ण गार झाल्याशिवाय सेलोफेन नाही, आतली वाफ खसखशीखाली धरते आणि कार्यालयात पोचेपर्यंत अनारसे लोळतात. थरांमध्ये बटर पेपर घाला. आणि ताट दिव्यांच्या झोताखाली मांडू देऊ नका, मे महिन्यात तूप सुटून खालचा कागद पारदर्शक होतो.

आयतं पीठ चालतं का? चालतं, पण त्यात ओल किती, किती दिवस मुरलंय, साखर किती, काही कळत नाही, आणि हसलं की दुरुस्त करायला आपल्याकडचं कोरडं पीठ नसतं.

दोन-तीन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. तुपाऐवजी तेलात तळले तरी अनारसे होतात, फक्त गार झाल्यावर तेलाचा वास राहतो. खसखस महाग वाटली तर पांढरे तीळ लावा. आणि लग्नानंतर दुबईला जाणार असाल तर खसखशीचे अनारसे बॅगेत अजिबात नेऊ नका, तिकडे खसखशीवर बंदी आहे, तिळाचेच न्या. शिवाय, जाऊबाई हे वाचणार नाहीत म्हणून सांगते, पहिल्यांदा करणाऱ्याला साखरेचं पीठ जास्त भरवशाचं. गुळातली ओल दर ढेपेगणिक बदलते, साखरेची नाही. चव मात्र गुळाचीच.

रुखवतात अजून काय, हा प्रश्न राहिलाच. चिरोटे, करंज्या, बेसनाचे लाडू, कुरडया-पापड, शेवया. पाच ताटं नीट केलेली एकवीस ताटांना भारी. सप्तपदीच्या सुपाऱ्या, भातुकली वगैरे मावशी-मामींवर सोडा, त्यांना ते आवडतं.

पीठ उरलं तर गोळे करून फ्रीजमध्ये माहेरीच राहू द्या. पाचपरतावणाला याल तेव्हा आदल्या रात्री बाहेर काढायला सांगा, थंडगार पीठ थापताना फाटतं. आणि ही कृती लिहून ठेवा, पहिला अधिक मास आला की जावयाच्या वाणाला ३३ लागतात, म्हणजे तेव्हा अर्ध्या किलोवर भागवू नका, पाऊण किलो भिजवा.