बडोद्याहून जैसलमेरला बदली झाली आहे. दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन जायचं आहे, काय तयारी ठेवावी?

उन्हाची धास्ती सगळेच घालतील. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, पण हवा कोरडी. बडोद्यात पावसाळी दमटपणात कूलर नुसता आवाज करतो, तिथे तो खरंच गारवा देतो. एसी एका खोलीत पुरे. गाद्या-रजया मात्र इथे कुणाला देऊन टाकू नका. जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते, आणि सासूबाईंना तीच जास्त बाधेल.

घर बघताना आधी पाणी विचारा. शहराला इंदिरा गांधी कालव्याचं पाणी मिळतं, पण नळ रोज येईलच असं धरू नका. जमिनीखालची टाकी किती मोठी, टँकर मागवावा लागला तर पैसे कोण देणार, हे भाडं ठरवायच्या आधीच बोलून घ्या. पिवळ्या दगडाच्या जाड भिंतींचं जुनं घर मिळालं तर उत्तम. किल्ल्यातलं नको, गल्ल्या अरुंद आणि पर्यटकांची वर्दळ.

आंधी आली की दारं-खिडक्या बंद करूनही धूळ घरात येतेच. कुणाला दमा असेल तर डॉक्टरांशी आत्ताच बोला. मोठ्या तपासण्यांसाठी जोधपूरचं एम्स गाठावं लागतं, म्हणजे जवळपास २८० किलोमीटर. सासूबाईंच्या औषधांचा महिनाभराचा साठा जवळ असू द्या.

मुलांच्या शाळेचं आधी, घराचं नंतर. केंद्रीय विद्यालय आहे, बदली होणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्राधान्य मिळतं. भाषेचं टेन्शन नको, हिंदी चालते. गोडा मसाला तेवढा बांधून न्या.