जुलैतल्या लेकीला घेऊन इंग्लंडला येताय म्हणून

ताई, पुढच्या जुलैत लेक चार वर्षांची होईल, इंग्लंडला तिला खेळायला मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. व्हिसा, घरभाडं सरकारी पानांवर सापडेल. मी शाळेचंच सांगते.

इकडे वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं धरतात. म्हणजे चौथा वाढदिवस झाला की लगेच सप्टेंबरात रिसेप्शनचा, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग. पाच पूर्ण होईपर्यंत सक्ती नाही. पण वर्षभर थांबवलं तर रिसेप्शनमध्ये घ्यायचं की थेट पहिलीत बसवायचं, हे तिथली स्थानिक काउन्सिल नाहीतर शाळा ठरवते. १ एप्रिल ते ३१ ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांसाठी रिसेप्शनच द्या, अशी मागणी करता येते. प्रवेशअर्जाची मुदत १५ जानेवारी; त्याच्या बरंच आधी लेखी मागा, नर्सरीच्या बाईंचं पत्र जोडा.

आमचा मुलगा ऑगस्टचा. आम्हीही सगळं जोडलं होतं. नकार आला, कारण एका ओळीत. तो कागद आठवला की अजून डोकं तापतं.

रिसेप्शन तसं बरं असतं. वाळू, चिखल, पावसातही रेनकोट घालून बाहेर. पहिलीत मात्र जूनमध्ये फोनिक्सची, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचता येतं का याची तपासणी: ४० शब्द, त्यातले निम्मे निरर्थक, शेजारी एलियनचं चित्र. सहाही पूर्ण न झालेला माझा पोरगा रात्री दात घासता घासता ते पुटपुटायचा, "आई, चुकलं तर?"

तिकडे थांबलात तर मोकळं खेळणं मिळेल, असंही नाही. नागपूरला त्रिमूर्तीनगरात भावाची मुलगी तिसऱ्या वर्षीच नर्सरीत गेली, आता रोज पानभर लिहिते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिलीला सहा वर्षं आणि आधी खेळातून शिक्षण म्हटलंय, तरी! आपण ऊन उतरलं की डब्बा ऐसपैस खेळायचो, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघर जायचो; कोणी वेळ लावून दिलेली नव्हती. इथे दोन आयांनी आधी मेसेज करून तीन ते पाच ठरवायचं. पोरांचा खेळ रंगात येतो तोवर पाच वाजतात.

एकटेपणाचं म्हणाल तर पहिला हिवाळा जड जातो, मग सवय होते.

शाळा बघायला जाल तेव्हा पहिलीच्या मुलांना दुपारी बाहेर सोडतात का, हे आधी विचारा. आणि मागणीला होकार आला तर मला नक्की कळवा. आमचं कशावरून नाकारलं, ते मला अजून समजलेलं नाही.