उझबेकिस्तानात स्थानिक लोकांनी घरी जेवायला बोलावलं तर जावं का, की फसवतात?

जावं. दुपारच्या वेळी, जोडीनं किंवा दोघीतिघी मिळून, हॉटेलात सांगून जावं. मुक्काम करू नये. तुम्ही विचारलेल्याचं उत्तर खरं तर एवढंच. पण प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय, की "टूर मॅनेजरनं बजावलंय, तिकडचे लोक गोड बोलून घरी नेतात आणि मग पैसे काढतात." ते वाचून गप्प बसवेना. हेच वाक्य मी ताश्कंदपासून बुखाऱ्यापर्यंत माझ्या थोरल्या दिरांच्या तोंडून ऐकत गेले आणि तो वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

आधी पैसे काढणाऱ्यांविषयी. असतात ना, नाही कशाला म्हणू? विमानतळाबाहेर आणि स्टेशनच्या दारात टॅक्सीवाले अंगावर येतात. तोंड उघडलं की पहिला शब्द 'टॅक्सी' आणि दुसरा थेट आकडा. नोटांवर शून्यं भरपूर, 5,000 सोम आणि 50,000 सोमच्या नोटेत नवखा माणूस गोंधळतोच, शिवाय बोलताना लोक हजार गाळून नुसतं 'पन्नास' म्हणतात. तिथे सांभाळा. यांडेक्सच्या ॲपवर गाडी मागवा, भाडं आधीच दिसतं, विषय संपला. पण टॅक्सीवाल्यावरून अख्खा देश लबाड ठरवायचा असेल, तर कुठल्याच देशात जायला नको.

आता समरकंद. रेगिस्तान चौकात तुमच्याशी जे बोलायला येतात ते बहुतेक वेळा 'स्थानिक' नसतातच. ही साधी गोष्ट आमच्या ग्रुपमध्ये कुणाच्या डोक्यात आली नव्हती. आमच्या गाइडनं 1420, 1636, 1660 अशी चौकाभोवतीच्या तिन्ही मदरशांची सालं एका दमात सांगितली आणि फोटोंसाठी थोडा वेळ मोकळा दिला. मी पायऱ्यांवर टेकले, तर पाचसहा बायका, दोन म्हातारे आणि पोरंटोरं असा गोतावळा समोर उभा. "हिंदिस्तोन?" मी मान हलवली, झालं! एकीबरोबर फोटो, मग सगळ्यांबरोबर, मग कुणाचं तरी बाळ माझ्या मांडीवर देऊन. एका आजोबांनी छातीवर हात ठेवून "राज कपूर" म्हटलं आणि दोन ओळी गुणगुणलेही. ही मंडळी खोरेझमहून, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून आलेली. समरकंद तीही पहिल्यांदाच बघत होती. त्यांना मला काही विकायचं नव्हतं, कारण त्यांच्याकडे विकायला काही नव्हतंच. त्यांच्या लेखी मी म्हणजे रेगिस्तानातला चौथा मदरसा, फोटो काढून पुढे जायचं. आणि लांबून दीर ओरडतायत, "पर्स सांभाळ!"

दीर तसे वाईट नाहीत. वाचन दांडगं आहे, आणि तोच घोटाळा आहे. ताश्कंदला शास्त्रीजींच्या पुतळ्यासमोर सगळे हात जोडून उभे होते, तेव्हा दीर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "10 जानेवारी 1966 ला करारावर सही, त्याच रात्री शास्त्रीजी गेले. आणि तू इथे कुणाच्याही हातचा चहा पितेस." समरकंदला उलुगबेगाची वेधशाळा पाहिली. पंधराव्या शतकात हजारावर ताऱ्यांच्या जागा मोजून ठेवणारा राजा, जमिनीत खोदलेला तो प्रचंड यंत्राचा कंस बघून मी अवाक झाले. दिरांनी तिथून काय उचललं? तर 1449 साली त्याला त्याच्या पोटच्या पोरानं मारवलं. "घरच्यांना सोडत नाहीत, तुला काय सोडतील?" अशा माणसाशी वाद घालणं सोपं नसतं, कारण सालं बरोबर असतात.

आता तो प्रसंग, ज्यावरून हे सगळं पेटलं.

शाह-ए-झिंदा ही समरकंदमधली माझी सगळ्यात आवडती जागा. उंच पायऱ्या चढून गेलं की दोन्ही बाजूंना निळ्या फरश्यांचे मकबरे, त्यातले बरेचसे तैमूरच्या घरातल्या बायकांचे. पायऱ्या चढताना मोजायच्या आणि उतरताना पुन्हा मोजायच्या, दोन्ही आकडे जुळले तर मनातली इच्छा पुरी होते असं तिकडे मानतात. माझ्या शेजारून माझ्याच वयाची एक बाई गुडघ्यावर हात ठेवून चढत होती. डोक्याला रुमाल, पुढचे दोन दात सोन्याचे, तोंडानं "बिर, इक्की, उच" चाललेलं. मी मराठीत मोजत होते. अर्ध्यावर दोघींनाही दम लागला, दोघीही थांबलो आणि एकमेकींकडे बघून हसलो. वर पोचल्यावर तिनं बोटांनी आपला आकडा दाखवला, मी माझा. तिचा एकानं जास्त. त्यावरून दोघींचं हातवारे करून चांगलंच भांडण झालं. मागून तिची मुलगी आली, ती शाळेत इंग्रजी शिकवते, तिनं मध्यस्थी केली. मायलेकी काही पर्यटकांच्या मागावर आलेल्या नव्हत्या. मकबऱ्यांना लागूनच गावाचं कब्रस्तान आहे, तिथे त्या बाईच्या आईची कबर आहे.

निघताना ती म्हणाली, उद्या जेवायला या. मी छातीवर हात ठेवून नको म्हटलं. तिकडे पहिलं आमंत्रण पुष्कळदा शिष्टाचाराचं असतं, तेव्हा एकदा नको म्हणावंच. तिनं पुन्हा म्हटलं. मी पुन्हा नको म्हटलं. मग मुलीनं माझ्या फोनमध्ये पत्ता टाकला आणि शाकाहारी का तेही विचारून घेतलं. नुसत्या शिष्टाचारात कुणी पत्ता देत नाही, आणि खाण्याचं तर विचारतच नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रुपचा कार्यक्रम होता गालिच्यांचं दुकान आणि मग भारतीय रेस्टॉरंटात जेवण. टूर मॅनेजरला सांगितलं, आम्ही दोघं येत नाही. त्याचा चेहरा पडला. "कंपनी जबाबदार नाही असं लिहून द्या." दिलं. हॉटेलच्या पॅडवर मी लिहिलं, आमच्या ह्यांनी सही केली आणि साक्षीदार म्हणून दिरांनी केली. सही करता करता म्हणाले, "पासपोर्टची झेरॉक्स माझ्याकडे ठेवून जा."

घर बाहेरून म्हणजे नुसती मातकट भिंत आणि लोखंडी फाटक. आत गेलं की अंगण, वर द्राक्षाचा मांडव आणि त्याखाली लाकडाचा रुंद चौथरा, त्याला तापचान म्हणतात. त्यावर गाद्या आणि मधोमध जेवणाचं कापड. आम्हाला दारापासून सगळ्यात लांबच्या जागी बसवलं, ती पाहुण्याची मानाची जागा, संकोचून दाराशी टेकू नका. मुलानं तांब्यानं हातावर पाणी घातलं. ओले हात झटकायचे नाहीत, ते वाईट दिसतं, दिलेल्या टॉवेलला पुसायचे. नान सुरीनं कापत नाहीत, मोठं माणूस हातानं तोडून पुढे ठेवतं, आणि तो पालथा ठेवायचा नाही. चहा पियाल्यात अर्ध्याहून कमी ओततात. ह्यांना वाटलं घरात चहा संपला, ते मला डोळ्यांनी खुणावायला लागले. अर्धा देणं हाच मान, कारण मग पुन्हा पुन्हा ओतायला मिळतो. काठोकाठ भरून दिला तर समजा, निघायची वेळ झाली.

शाकाहाराचं मात्र आधीच आणि दोनदा सांगा. 'गोश्तसिझ' म्हणजे मांसाशिवाय, एवढं पाठ करा. आमच्या ओपानं (तिकडे मोठ्या बहिणीला ओपा म्हणतात, ती माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी निघाली) भोपळ्याचे सोमसे केले होते, तेही चरबी न घालता. पण पाहुणे येणार आणि पुलाव नाही हे तिच्या मनाला पटेना. म्हणून तिनं नेहमीसारखा मांसाचा पुलाव केला आणि माझ्या ताटलीतले तुकडे वेचून काढले. झाला शाकाहारी! मी तो बाजूला ठेवला, नान, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, सोमसे, अक्रोड, खरबूज असं पोटभर जेवले. ती शेवटपर्यंत माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत होती. ह्यांनी पुलाव दोनदा घेतला, मी तिकडे बघितलं नाही.

गप्पा काय झाल्या? मुलं किती, एकच का, सून जवळ राहते का, तिचं माझं पटतं का, पेन्शन किती. सगळं विचारलं तिनं. मीही सगळं विचारलं. मुलगी भाषांतर करता करता लाजत होती, आम्ही दोघी अजिबात नाही. शेवटी बीपीच्या गोळ्यांच्या पट्ट्या पर्समधून काढून एकमेकींना दाखवल्या. दोघींची गोळी एकच, डोस वेगळा.

उठताना सगळ्यांनी ओंजळ चेहऱ्यावरून फिरवली, आम्हीही फिरवली. मुलगा त्याच्या पांढऱ्या शेव्हरोलेतून हॉटेलवर सोडायला आला. ह्यांनी उतरताना पुढच्या काचेखाली नोट ठेवली, तर पठ्ठ्या गाडी तशीच उभी सोडून मागे धावत आला आणि ती ह्यांच्या खिशात कोंबून गेला. वर दोन मोठे नान रुमालात बांधून दिलेले.

हॉटेलात शिरतो तो लॉबीत दीर आणि जाऊबाई बसलेल्या, शेजारी गुंडाळी. दिरांनी रेशमी गालिचा घेतला होता. डॉलरमध्ये. दुकानदारानं पहिला आकडा सांगितला, मग "तुम्ही भारतातून आलात म्हणून" उतरवला, मग "शेवटचं गिऱ्हाईक म्हणून" आणखी उतरवला, तरी जो उरला तो ऐकून ह्यांनी खुर्ची धरली. जाऊबाई म्हणाल्या, तिथेही हिरवा चहा दिला होता. तो मात्र भाऊजी प्यायले होते! तो गालिचा अजून गुंडाळलेलाच आहे, कारण त्यावर पाय द्यायला कुणाचा जीव होत नाही.

मला म्हणाले, "किती घेतले?"

"काही नाही, भाऊजी."

"मग पुढे मागतील. नंबर दिला असशील."

नंतर बुखाऱ्याला अमिराच्या, म्हणजे तिथल्या जुन्या राजाच्या, तुरुंगातला तो खोल खड्डा बघताना ते मला मुद्दाम हाक मारून म्हणाले, "स्टॉडार्ट आणि कोनोली. इंग्रजांचे दोन अधिकारी, बोलणी करायला आलेले. 1842 मध्ये दोघांची मुंडकी उडवली. बघ यांचा पाहुणचार." मी म्हटलं, त्या दोघांना अमिरानं धरलं होतं, पायऱ्या मोजणाऱ्या बायकांनी नव्हे. त्यावर उत्तर आलं नाही, पण हार मानली असंही नाही.

आणि खरं सांगायचं तर ओपाकडून मागणी आली. नवरोझला, म्हणजे वसंतातल्या त्यांच्या सणाला, 21 मार्चला, त्यांचा टेलिग्रामवर व्हिडिओ येतो, तिकडे सगळे टेलिग्रामच वापरतात. अशाच एका नवरोझनंतर मुलीनं विचारलं, माझ्या वर्गातली मुलं परदेशी माणसाशी कधी इंग्रजीत बोललेली नाहीत, व्हिडिओ कॉलवर थोडा वेळ याल का? मी गेले. मुलांनी मला शाहरुख माझ्या घराजवळ राहतो का ते विचारलं. दिरांना सांगितलं तर खुर्चीत ताठ झाले. "बघ! मागितलंच ना शेवटी!"

असो. तुमच्यासाठी काही गोष्टी, ज्या वरच लिहायला हव्या होत्या. मी साठीची बाई, बरोबर नवरा, समोर बाईमाणूस. तुम्ही तरुण असाल, एकट्या असाल, तर ज्या घरी बायका आहेत तिथलंच आमंत्रण घ्या, एकट्या पुरुषाचं नको, तो कितीही सज्जन वाटो. पैसे देऊ नका, मुलांसाठी काहीतरी आणि मिठाईचा डबा न्या. मुक्कामाचं म्हणाल तर परदेशी माणसाची राहत्या जागी नोंदणी करावी लागते. हॉटेल ती आपणहून करतं, घरी राहिलात तर यजमानाला करावी लागते, त्याला कशाला त्या कामाला लावायचं? स्मारकांवर परदेशी माणसाला तिकीट जास्त पडतं, त्यावरून खिडकीशी भांडू नका, पाटीवर लिहिलेलं असतं. कबरींवर आलेल्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि सगळेच घरी बोलावतात असंही समजू नका, ताश्कंदच्या मेट्रोत लोक कुठल्याही मोठ्या शहरातल्यासारखे मोबाइलमध्ये बघत उभे असतात.

टूर मॅनेजरनं लिहून मागितलं तर खुशाल द्या. साक्षीदाराच्या सहीसाठी मात्र सासरचं माणूस घेऊ नका.