वाचक विचारतात : नोकरी सरकारी आणि उभं राहायचंय ग्रामपंचायतीला

प्रश्न : मी देवगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक आहे, १९९८ ला लागलो. माझं गाव शाळेपासून जवळच. यंदा सरपंचपद खुलं सुटलंय आणि वाडीवाडीतली माणसं रोज संध्याकाळी खळ्यात येऊन बसतायत, "गुरुजी, तुमीच उभे रवा, आमका दुसरो कोण नको." शाळा सुटल्यावर मी काम करेन, मानधन नको असं लिहून द्यायलाही तयार आहे. उभा राहू शकतो का? नसेल तर राजीनामा देऊन टाकू का?
— एक शिक्षक, देवगड तालुका

उत्तर : गुरुजी, नोकरीत असताना नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचं कलम १४ काढून बघा, त्यात कोण सदस्य होऊ शकत नाही त्याची यादी आहे आणि तिथे स्पष्ट लिहिलंय की सरकारचा नोकर किंवा कुठल्याही स्थानिक संस्थेचा नोकर. जिल्हा परिषद ही स्थानिक संस्थाच, म्हणजे तुम्ही थेट त्यात बसता. मानधन सोडून काही उपयोग नाही कारण कायदा सरपंचाला काय मिळतं ते विचारत नाहीये, तुम्ही कोणाचे नोकर आहात एवढंच विचारतोय.

आता राजीनाम्याचं. हात जोडून सांगतो, लोक आग्रह करतायत म्हणून भरात साधा राजीनामा लिहू नका. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा फरक न कळल्यामुळे घरं अडचणीत येतात. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे राजीनामा दिला की मागची सगळी सेवा गेली, म्हणजे पेन्शन गेली. तुम्ही १९९८ चे, नोव्हेंबर २००५ च्या आधीचे, म्हणजे जुन्या पेन्शनमध्ये आहात, ती अशी सोडायची नसते. २० वर्षांची अर्हताकारी सेवा (म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी) झाली असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, त्यात पेन्शन राहते.

पण खरी गोची इथेच आहे. निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाल्यापासून अर्ज भरेपर्यंत हातात थोडेसेच दिवस असतात आणि तुमची नोटीस तीन महिन्यांची. म्हणजे आरक्षण कळल्यावर, लोक घरी यायला लागल्यावर विचार सुरू केला तर बहुतेक उशीर झालेला असतो. ज्याला खरंच या कामात उतरायचंय त्याने ग्रामपंचायतीची मुदत संपायच्या आधी निदान सहा महिने घरात बसून हिशोब करावा, मुलांची शिक्षणं, कर्ज, सगळं. २०२४ मध्ये वाढवल्यावरही २००० लोकसंख्येपर्यंतच्या गावच्या सरपंचाला महिना ६००० रुपये मानधन आहे, घर त्यावर चालत नाही.

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो, अर्जांच्या छाननीला बरीच वर्षं बसलो. एका वर्षीचा प्रसंग अजून डोळ्यासमोर आहे. एका ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस सदस्यपदाला उभा राहिला होता, पहाटे पाचला उठून वाडीवाडीचे व्हॉल्व्ह फिरवणारा, आख्खं गाव त्याच्या बाजूने. छाननीच्या दिवशी समोरच्याने हरकत घेतली. याने राजीनामा दिला होता, पोच खिशात होती, पण मासिक सभेत तो मंजूर झालेला नव्हता आणि त्या सकाळीसुद्धा पाणी त्यानेच सोडलं होतं. टेबलासमोर उभा होता तेव्हा व्हॉल्व्हच्या चाव्यांचा जुडगा कमरेलाच होता. अर्ज बाद झाला. तो काही बोलला नाही, पोच परत घडी करून खिशात ठेवली आणि गेला. तेव्हा राजीनामा असो की स्वेच्छानिवृत्ती, अर्ज भरायच्या आधी मंजुरीचा आणि कार्यमुक्त केल्याचा कागद हातात पाहिजे, नुसती पोच चालत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत तरी माझं मत सांगतो, ही बंदी मला योग्य वाटते. तुमच्याच शाळेचं बघा, मुख्याध्यापक शाळा व्यवस्थापन समितीचा सचिव असतो, पावसाच्या आधी कौलं फिरवायची, चिऱ्याचं कुंपण पडलंय ते बांधायचं, यासाठी समिती ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाच्या पैशातून तरतूद मागते. उद्या गुरुजीच सरपंच झाले तर मागणारेही तेच आणि देणारेही तेच, आणि पऱ्यावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या साकवासाठी (छोट्या पुलासाठी) थांबलेल्या वाडीला वाटणारच की आपले पैसे शाळेकडे वळवले. शिवाय तुम्ही मतदान केंद्रावर ड्युटी करता, कुणी मतदार यादीचं काम करतं, त्या माणसावर दोन्ही बाजूंचा विश्वास पाहिजे. इंग्लंडमध्ये आणि फ्रान्समध्ये नियम जरा वेगळा आहे, ज्या कौन्सिलचा पगार घेता त्याच कौन्सिलवर निवडून जायचं नाही, आणि फ्रान्समध्ये शिक्षक महापौर होऊ शकतात. आपल्याकडे ती रेघ जास्त कडक ओढलीय कारण आपल्याकडे गाव लहान आणि सरकारी माणसाचा शब्द मोठा. खाजगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकांचं वेगळं, ते संस्थेचे नोकर, त्यांना १९८१ ची वेगळी नियमावली आहे, त्यांचा दाखला तुम्हाला लागू होत नाही.

पण याचा अर्थ गावासाठी तुम्ही काहीच करू शकत नाही असा अजिबात नाही. तुमचं नाव गावच्या मतदार यादीत असेल तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. ग्रामसभेला जा, नळपाणी योजनेचं अंदाजपत्रक मागून घ्या, पाईप किती इंची, टाकी किती लिटरची, हे लोकांना वाचून समजवा. आपल्याकडे बहुतेक गावांत अंदाजपत्रक उघडून बघणारं माणूसच नसतं आणि त्यामुळेच मे महिन्यात विहिरीवर कळशांची रांग लागते. हे काम करायला खुर्ची लागत नाही.

प्रश्न : माझे मिस्टर आरोग्य खात्यात आहेत, सरकारी. प्रभाग महिलेसाठी राखीव झालाय आणि मी सदस्यपदाला उभी राहतेय. काहीजण म्हणतात नवरा सरकारी नोकर असेल तर बायकोला चालत नाही. आणि प्रचाराला ते माझ्यासोबत आले तर?
— एक गृहिणी, गुहागर तालुका

उत्तर : ताई, खुशाल उभ्या राहा. नोकर ते आहेत, तुम्ही नाही, अपात्रता नवऱ्यावरून बायकोला लागत नाही. जपायचंय ते त्यांना. १९७९ चे वर्तणूक नियम आहेत, त्यातला नियम ५ सांगतो की सरकारी कर्मचाऱ्याने प्रचार करायचा नाही, वजन वापरायचं नाही, मत द्यायचं पण कोणाला दिलं ते सांगायचं नाही. आणि एक बारीक गोष्ट जी कोणी वाचत नाही, अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणं हेसुद्धा वजन वापरणंच धरलंय. म्हणजे तुमच्या चिन्हाचा स्टिकर त्यांच्या ॲक्टिवावर नको आणि घरावर बॅनरही नको कारण ते घर त्यांचंही आहे. बॅनर दिराच्या किंवा शेजाऱ्यांच्या खळ्यात लावा, अर्थात त्यांना विचारून. मतदानाच्या किंवा मोजणीच्या दिवशी त्यांना प्रतिनिधी म्हणून बसवू नका. निवडून आलात की सभेला तुम्ही एकट्या जा. पहिल्या दोन-तीन सभांना भीती वाटते, इतिवृत्त कळत नाही, पण ग्रामपंचायत अधिकाऱ्याला थांबवून प्रत्येक ठराव मोठ्याने वाचायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे, दोन वर्षं झाली, आणि आता पोलीस भरतीत निवड झालीय. मुदत संपेपर्यंत दोन्ही चालेल का?
— एक सदस्य, राजापूर तालुका

उत्तर : आधी मनापासून अभिनंदन! पण दोन्ही नाही चालणार. कलम १४ उभं राहताना लागतं तसंच पदावर राहायलाही लागतं. हजर व्हायच्या आधी सरपंचांच्या नावे सदस्यपदाचा राजीनामा लिहून द्या आणि पोच घ्या (सरपंच असता तर पंचायत समितीच्या सभापतींना द्यावा लागला असता). तसंच राहिलात तर कोणीतरी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करणार आणि नवीन नोकरीत पहिल्याच वर्षी चौकशीला सुट्टी मागत बसावं लागेल. तुमच्या जागी पोटनिवडणूक होईल. जाण्याआधी तुमच्या वाडीची जी कामं मंजूर आहेत त्यांचे ठराव क्रमांक आणि तारखा एका वहीत लिहा आणि ती वही वाडीतल्या कोणा जबाबदार माणसाकडे देऊन जा, नवीन सदस्य येईपर्यंत तेच कामाला येतं.