जुन्या फ्लॅटच्या हॉलमधली मोझॅक फरशी न खोदता बदलता येईल का? घरच्या घरी जमेल का?

येईल. आणि तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तर खोदायच्या भानगडीत पडूच नका. चाळीसेक वर्षांची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, १६ बाय १० चा हॉल, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आई घरातच राहणार, आणि मिस्त्री म्हणतोय की खोदल्याशिवाय काम पक्कं होणार नाही. पक्कं होईलही, पण आधी हिशोब बघा.

मोझॅकची लादी इंचभर जाड आणि तिच्याखाली सिमेंट-वाळूचा थर तीनेक इंच. १६० चौरस फुटांना एकूण चार इंच धरले तर ५० घनफुटांच्या वर माल निघतो, वजनात तीन टनांच्या घरात. फोडल्यावर तो मोकळा होऊन पाऊण ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) भरतो. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत ४० किलो भरला तर ७५ गोण्या झाल्या. त्या जिन्याने खाली नेणारे बिगारी वेगळे, टेम्पो वेगळा, आणि राडारोडा रस्त्याकडेला टाकताना सापडलात तर महापालिकेचा दंड वेगळा. एवढं करून ब्रेकरच्या दणक्याने खालच्यांच्या छताचं प्लॅस्टर सुटलं, तर सोसायटीच्या पुढच्या मीटिंगचा विषय तुम्हीच!

खोदावं लागेल की नाही हे मिस्त्रीला विचारू नका, फरशीला विचारा. खलबत्त्यातला बत्ता किंवा छोटी लाकडी हातोडी घ्या आणि एकेक लादी ठोकत चला. घट्ट बसलेली लादी खणखणीत वाजते, खालून सुटलेली बद्द वाजते. बद्द वाजली की तिच्यावर खडूने फुली मारा. हॉलभर पाच-दहा फुल्या विखुरलेल्या असतील तर तेवढ्याच लाद्या छन्नीने काढून सिमेंट-वाळूवर पुन्हा बसवायच्या. अर्धा हॉल फुल्यांनी भरला किंवा मधोमध फरशी खचली असेल, तर मात्र मिस्त्री म्हणतो ते बरोबर आहे आणि पुढचं वाचण्यात अर्थ नाही.

फरशी घट्ट निघाली असं धरू. आता तीन रस्ते.

पहिला, बदलूच नका, पॉलिश करून घ्या. तुमचा प्रश्न हा नव्हता हे कळतंय, पण वरचा संगमरवरी चिप्सचा थर पाच-सहा मिलिमीटरचा असतो आणि तो पुन्हा घासता येतो. भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवून मशिन मारलं की जुनी मोझॅक ओळखू येत नाही. फक्त, घासताना जो चिखल होतो तो बाथरूमच्या जाळीत जाऊ देऊ नका. तो सिमेंटचाच असतो, पाइपात बसला की नळवाल्याला बोलवावं लागतं. लाद्यांना तडे असतील किंवा रंगच आवडत नसेल तर हा मार्ग बाद.

दुसरा, जुन्या फरशीवर व्हिट्रिफाइड टाइल. होतं, पण हे घरी करण्याचं काम नाही. ही टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळाला ती धरत नाही. पॉलिमरचा अ‍ॅडहेसिव्ह खाचांच्या थापीने सगळीकडे पसरावा लागतो. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून टाइल दाबणारा कारागीर दिसला तर तिथेच थांबवा. मधे पोकळी राहते, आणि दसऱ्याला कुणीतरी तिथेच नारळ फोडतं. शिवाय तुमच्या हॉलवर चारशे किलोच्या वर वजन वाढेल आणि फरशीची उंची पंधरा-सोळा मिलिमीटरने. म्हणजे मुख्य दार, सेफ्टी डोअर, बेडरूमचं दार, सगळी खालून कापून घ्यायची. आईंसाठी प्रत्येक दारात एक बारीकशी पायरी होते, ती मला सगळ्यात जास्त खटकते. तरी हाच रस्ता घेतलात तर निदान मॅट टाइल घ्या.

तिसरा रस्ता मी माझ्या हॉलसाठी निवडला: एसपीसीच्या फळ्या. चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांची ही फळी, वर लाकडाचं चित्र. चार ते सहा मिलिमीटर जाड, कडा एकमेकींत अडकतात, खाली गोंद लागत नाही. वाळवी लागत नाही, पाण्याने फुगत नाही. दुकानदार शेजारीच लाकडी लॅमिनेट दाखवेल आणि ते स्वस्तही असेल, पण त्याच्या पोटात लाकडाच्या भुशाचा बोर्ड असतो. आपल्या पावसाळ्यात आणि पाण्याने पुसायच्या सवयीत त्याच्या कडा फुगतात.

काम कसं करायचं? सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी फरशीवर सगळ्या दिशांनी फिरवा. पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त उजेड दिसला तर तो खड्डा सेल्फ लेव्हलिंग कंपाउंडने (ओतल्यावर आपोआप सपाट होणारं सिमेंटचं मिश्रण) भरा. हे टाळलं की चालताना फळी दबते आणि कधीतरी तिची कड तुटते. फळ्यांच्या पेट्या आणल्यावर दोन दिवस त्याच खोलीत आडव्या ठेवा. माल दहा टक्के जास्त घ्या, म्हणजे तुम्हाला १७६ चौरस फूट.

पहिली फळी लावण्याआधी कागदावर गणित करा. फळी साधारण १८० मिलिमीटर रुंद असते. १० फूट म्हणजे ३०४८ मिलिमीटर, त्यातून दोन्ही भिंतींपाशी आठ-आठ मिलिमीटर फट सोडली की ३०३२ उरतात. १६ पूर्ण ओळी आणि शेवटची सहा इंचांची, तुमचं नशीब चांगलं. शेवटची ओळ दीड-दोन इंचांची येत असेल तर पहिली ओळही कापून दोन्हीकडे सारखी रुंदी काढावी लागते. भिंती काटकोनात असतील असं गृहीत धरू नका, जुन्या इमारतीत त्या नसतातच. भिंतीवर विसंबण्यापेक्षा दोरी ताणून पहिली ओळ सरळ घ्या आणि भिंतीकडे पाचरी ठोका.

सरळ कापायला करवत लागत नाही. कटरने गुण्याच्या आधाराने दोन-तीनदा खोल रेघ मारा, फळी रेघेवर वाकवा, कट्‌कन तुटते. खांबाभोवतीच्या कापाला मात्र जिगसॉ (बारीक पात्याची विजेवरची करवत) हवा, तो भाड्याने आणा. लाकडी चौकटीपाशी फळीला खाच पाडत बसण्यापेक्षा फळीचा तुकडा आडवा ठेवून चौकटच तेवढी खालून कापा आणि फळी तिच्याखाली सरकवा. शेजारच्या ओळींचे सांधे किमान फूटभर पुढेमागे असू द्या.

सामान बाहेर काढायची गरज नाही. अर्धा हॉल लावून झाला की सोफा-शोकेस उचलून (ओढून नव्हे) त्यावर ठेवा आणि उरलेला करा. एक लक्षात ठेवा, ही फरशी जमिनीला कुठेही जखडायची नसते. दाराची खालची कडी, डोअर स्टॉपर, फर्निचरचे स्क्रू, काहीही तिच्यातून जमिनीत ठोकू नका. आणि बादली ओतून हॉल धुण्याची घरात प्रथा असेल तर ती बंद करा. फळीला काही होत नाही, पण कडेने खाली गेलेलं पाणी वाळत नाही.

भिंतीकडची फट झाकायला बीडिंगची पट्टी लावा, ती जुन्या स्कर्टिंगला चिकटवायची, फळीला नाही. फट सिलिकॉनने भरून टाकू असं कुणीतरी सुचवेल, तेव्हा नाही म्हणा. बाल्कनीच्या दारातून दुपारचं ऊन आत येत असेल तर एप्रिल-मेमध्ये फळ्या फुगायला तेवढीच जागा असते. उरलेल्या फळ्या पलंगाखाली ठेवा आणि पेटीवरच्या बॅच नंबरचा फोटो काढा, नंतर तोच रंग दुकानात मिळेलच असं नाही.