भाऊ जेलमधून रजेवर येतोय. जामीन राहू का?

घरातलं माणूस शिक्षा भोगून परत यायची वेळ जवळ आली की माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "मॅडम, तो पुन्हा काही करणार नाही ना?" याचं हो-नाही असं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. त्यापेक्षा एका घरात काय घडलं ते सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

साताऱ्याकडचं शेतकरी कुटुंब. बांधाच्या भांडणात धाकट्याच्या हातून भावकीतला एक जण गेला. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध झाला, सक्तमजुरी लागली. काही वर्षं आत काढल्यावर त्यानं फर्लोसाठी, म्हणजे तुरुंगातून मिळणाऱ्या रजेसाठी, अर्ज केला आणि पोलिसांनी थोरल्या भावाला विचारलं, जामीनदार राहणार का? आधीच्या वेळी त्यांनी नकार दिला होता आणि रजा नामंजूर झाली होती. या खेपेला नवरा-बायको दोघं माझ्याकडे आले. दादा खाली मान घालून बसलेले, बोलत होत्या त्या वहिनीच. "दहावीतली पोरगी आहे घरात. ज्यांचा माणूस गेला ते मागच्याच आळीला राहतात. हा दारात दिसला तर काय होईल? सुटल्यावर बघू ना काय ते!"

वहिनींची भीती मला अजिबात खोटी वाटली नाही. पण "सुटल्यावर बघू" हे मला पटेना. पॅरोल घरात आजारपण किंवा मयत झाली तर मिळतो. फर्लोला तसं कारण लागत नाही. ठरावीक शिक्षा भोगलेल्या आणि वर्तन चांगलं असलेल्या बंद्याला घराशी, समाजाशी नातं टिकवता यावं म्हणून ती रजा असते, आणि नियम पाळून वेळेत परत गेलं तर ते दिवस शिक्षेतच धरले जातात. म्हणजे परत येण्याची रंगीत तालीम करायची सोय कायद्यानंच ठेवली आहे. ती वापरायची नाही आणि एक दिवस गेटबाहेर पडलेल्या माणसाला थेट घरात घ्यायचं, यात जास्त धोका आहे, असं मी दोघांना सांगितलं.

मार्ग निघाला तो थोरल्या बहिणीमुळे. तिचं सासर दुसऱ्या तालुक्यात. रजेतला पत्ता तिचा द्यायचा, हजेरी तिथल्या पोलिस ठाण्यात लावायची, गावात पाऊल टाकायचं नाही. वहिनी एवढ्यावर तयार झाल्या. दादांनी सही केली.

तो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी या बहिणीचा, आक्काचा फोन. रडत होती. "मॅडम, याला येड लागलंय का? पाणी पिऊ का म्हणून विचारतो. दार नुसतं लोटलेलं असलं तरी समोर उभा राहतो, कुणीतरी उघडायची वाट बघत. संध्याकाळी पाच वाजताच ताट घेऊन बसतो. रात्री दिवा मालवला की झोप लागत नाही म्हणतो."

येड लागलेलं नव्हतं. बराकीत दिवा रात्रभर चालू असतो. दिवस मावळायच्या आत जेवण उरकून बराक बंद होते. सकाळी बराक उघडते ती दुसऱ्याच्या किल्लीनं. किती वाजता उठायचं, कुठं बसायचं, कुणाशी बोलायचं, सगळं दुसरं कुणीतरी ठरवतं. वर्षानुवर्षं असं गेलं की माणूस शहाणा होतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याची ठरवायची सवय मोडते. आणि बाहेर आल्यावर त्याच्याकडून आपली अपेक्षा काय, तर मोहाच्या, रागाच्या क्षणी त्यानं नीट ठरवावं!

मी आक्काला म्हटलं, त्याला सल्ले देऊ नका, कामं सांगा. आज भाजी तू आण, काय आणायची ते तूच ठरव. पहिल्या दिवशी तो रिकामी पिशवी घेऊन परत आला. भाजीवालीकडे सुटे नव्हते, तिनं क्यूआर कोडचा फलक पुढं केला आणि हा घाबरून निघून आला. दुसऱ्या दिवशी भाच्याला बरोबर नेलं. रजा संपेपर्यंत एकटा बाजार करायला लागला होता, फक्त वांगी जरा जास्तच यायची.

इथं थोडं माझं मत. आपल्याकडे तुरुंगसुधारणा म्हटलं की भिंती रंगवणं, योगशिबिर, पाहुण्यांबरोबर फोटो. वाईट काहीच नाही त्यात. पण बंद्याच्या हातात निर्णय देणारी व्यवस्था महाराष्ट्राला नवी नाही. औंध संस्थानात 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली, तिथं बंदी कुटुंबासह राहून शेती करतात. येरवडा, पैठण इथं खुली कारागृहं आहेत. राज्य सहकारी बँकेनं 2022 मध्ये येरवड्यात 'जिव्हाळा' योजना सुरू केली. बंद्याला पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळतं आणि फेड होते ती त्याच्या तिथल्या मजुरीतून. आत बसून मुलीची फी भरणारा बाप स्वतःकडे वेगळ्या नजरेनं बघतो, हे मी पाहिलंय. अडचण अशी की खुल्या कारागृहाची वाट शिक्षा लागलेल्यांसाठीच असते, आणि 2022 च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या दर चार बंद्यांमागे तिघं कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते.

आमच्या या माणसानं आत सुतारकाम केलं होतं. सागाचं टेबल झकास करायचा. पण बाहेर सगळा प्लायवूड आणि लॅमिनेटचा कारभार. रजेतच हे कळलं, म्हणून बरं झालं. आक्काच्या मिस्टरांनी एका फर्निचरवाल्याशी बोलून ठेवलं.

रजा संपल्यावर तो वेळेत हजर झाला. पुढच्या अर्जाला दादांनी स्वतःहून जामीन दिला. आता सुटलाय, आक्काच्याच गावी खोली घेऊन राहतो, त्या फर्निचरवाल्याकडे मशीनवर काम शिकतोय. दादा महिन्यातून एकदा जाऊन येतात. वहिनी त्याला अजून घरी येऊ देत नाहीत आणि मीही त्यांना तसा आग्रह केलेला नाही. मुलीची दहावी झाली, मागच्या आळीतली, ज्यांचा माणूस गेला ती माणसं मात्र तिथंच आहेत. त्यांच्याशी कुणी, केव्हा आणि कसं बोलायचं, यावर दादांबरोबर आमचं काम चालू आहे.

जामीनदार राहणार का, असं विचारणारा कागद तुमच्या घरी आला असेल तर नकार कळवण्याआधी रजेचा दुसरा पत्ता देता येतो का, ते विचारा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बंद्याला वकील फुकट मिळतो. सुटकेनंतरच्या मदतीसाठी जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटा, आणि तेही सुटकेची तारीख उजाडायच्या आधी.