जुन्या जीपचा गंज आणि घरी वेल्डिंग शिकणं

रत्नागिरीकडची जुनी सीजे थ्री-बी (जीपचं जुनं मॉडेल), फ्लोअर सडलाय, चेसिसवर म्हणजे बॉडीखालच्या लोखंडी सांगाड्यावर पण गंज दिसतोय, आणि वेल्डिंग स्वतः शिकून करायचंय, जमेल का आणि मशीन कुठलं घेऊ, असं तुम्ही विचारलंय. जमेल, नक्की जमेल, पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा की हे काम वेल्डिंगचं कमी आणि कापायचं जास्त आहे. आपल्याकडे बहुतेक जीपा गंजाने जेवढ्या गेल्या नाहीत तेवढ्या गंजावर पत्रा ठोकून वरून पुट्टी आणि काळं डांबरी कोटिंग मारल्यामुळे गेल्या, कारण आत ओल तशीच राहते आणि दोन पत्र्यांच्या मधे पाणी अडकलं की ते निघतच नाही.

म्हणून मशीन घ्यायच्या आधी सीटा काढा, मॅट काढा, जुनं कोटिंग खरवडा आणि हातोडीने सगळीकडे टकटक करत फिरा, चांगला पत्रा खणखणीत वाजतो आणि सडलेला बद्द वाजतो, स्क्रूड्रायव्हर टोचला की आतच जातो. पाय ठेवायची जागा, सीटखालचा टूलबॉक्सचा तळ, मागच्या चाकांच्या कमानी, बॅटरीखालचा पत्रा हे तर दिसतंच, पण फ्लोअरच्या खाली ज्या पन्हाळीसारख्या आडव्या पट्ट्या असतात आणि बॉडी चेसिसवर जिथे बोल्टने बसते त्या जागा आधी बघा. वरचा फ्लोअर नवा टाकला आणि खालची पट्टी सडकी राहिली तर सगळी मेहनत फुकट.

कापताना स्वच्छ, चकचकीत पत्रा लागेपर्यंत मागे जायचं, मग भोक तळहाताएवढं होतं का परातीएवढं याची काळजी करू नका. सडक्या कडेला वेल्ड धरतच नाही, नुसती भोकं पडत जातात आणि नवशिक्याला वाटतं आपला हात वाईट आहे, तसं नसतं. फक्त दोन्ही बाजू एकदम कापू नका. एक बाजू पूर्ण करा मग दुसरी, आणि कापायच्या आधी बॉडीला आतून एक इंची चौकोनी पाइप आडवा-तिरका टॅक करून म्हणजे छोट्या टाक्यांनी जोडून ठेवा, नाहीतर टब म्हणजे बॉडीचा डबा वाकतो आणि मग बॉनेट, विंडशील्ड काहीच जागेवर बसत नाही.

मशीनचं म्हणाल तर पातळ पत्र्याला गॅसवालं मिग घ्या, ज्याला गॅरेजवाले सीओटू वेल्डिंग म्हणतात, यात वायर आपोआप पुढे येते आणि गॅस वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो, सिंगल फेज इन्व्हर्टरवालं चालतं. ०.८ एमएमची वायर, शक्यतो आर्गॉन-सीओटू मिक्स गॅस, नुसत्या सीओटूवर पण होतं पण छर्रे जास्त उडतात. साधं आर्क मशीन आणि रॉड चेसिसच्या जाड पत्र्याला उत्तम, पण १८ गेजच्या म्हणजे साधारण १.२ एमएमच्या फ्लोअरवर नवशिक्याने रॉड लावला की जाळी होते. बिनगॅसची फ्लक्सवाली (आत पावडर भरलेली) वायर वापरणार असाल तर मशीनची पोलॅरिटी म्हणजे प्लस-मायनस जोडणी उलटी करावी लागते हे लक्षात ठेवा, बरेच जण विसरतात आणि मग मशीनला नावं ठेवतात. आणि गॅस वापरताना पंखा बंद, समुद्राकडचा वारा पण अडवा, गॅस उडून गेला की वेल्डमध्ये जाळीदार भोकं पडतात.

गाडीला हात लावायच्या आधी त्याच जाडीच्या भंगार पट्ट्यांवर भरपूर सराव करा. ४०-५० अँपियरपासून सुरू करा, लांब रेघ ओढायची नाहीच, एक टाका, मग तिथून लांब दुसरा, मग मधे तिसरा, पत्रा हाताला सोसेल इतका गार झाला की पुढे. पट्टी व्हाइसमध्ये धरून वाकवून मोडायचा प्रयत्न करा. वेल्ड सुटला तर करंट कमी पडला, पत्रा फाटला पण वेल्ड टिकला तर तुम्ही तयार आहात. दोन्ही पट्ट्यांच्या मागच्या बाजूला पण बघा, वितळल्याची खूण दिसली पाहिजे. जवळपास ग्रिल-गेट करणारं फॅब्रिकेशनचं दुकान असेल तर सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन उभे राहा, हात कसा टेकवतात, किती अंतर ठेवतात हे व्हिडिओत कळत नाही.

आता जिवाचं. थ्री-बीची डिझेल-पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, ती काढून लांब नेऊन ठेवायची, रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची कारण आत वाफ असते, आणि टाकीला स्वतः वेल्डिंग अजिबात करायचं नाही. बॅटरीची वायर काढा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरलात तर जस्त घासून काढा, त्या धुराने ताप भरतो. ब्रेक क्लीनर मारून लगेच वेल्ड करू नका, काही क्लीनरचा धूर विषारी होतो. बादलीभर पाणी आणि एक माणूस जवळ हवाच, ठिणगी मॅटखाली गेली की अर्ध्या तासाने पेट घेते.

चेसिस मात्र आत्ता स्वतः करू नका. पाट्याचे हँगर, शॅकल (सस्पेन्शनचे पाटे चेसिसला धरणारे भाग), स्टीअरिंग बॉक्सची जागा, इथला वेल्ड सुटला तर घाटात गाडी हातात राहत नाही. फ्लोअर पूर्ण होईपर्यंत हात बसेल, मग ते जाणकाराच्या देखरेखीखाली करा. आणि चेसिस नंबर जिथे ठोकलाय ती जागा शोधून ग्रीस लावून टेपने झाका, तिथे ग्राइंडर फिरला तर आरटीओत तोंड दाखवणं कठीण होईल.

वेल्ड घासून झाला की त्याच संध्याकाळी इपॉक्सी प्रायमर, तुमच्याकडच्या हवेत उघडं लोखंड रात्रीत लाल होतं. जोडावर सीम सीलर (फट बुजवणारी पेस्ट), मग रंग, आणि पन्हाळीच्या आत नळीने वॅक्स. पाणी जायची भोकं बुजवू नका. नोव्हेंबरला सुरू केलंत तर पावसाच्या आधी आरामात होईल. कापायच्या आधी खालून फोटो टाका, पट्ट्या कितपत वाचतायत ते बघून सांगतो.